नटाचा फास

मोटरसायकलच्या क्लचची तार तुटली की आमच्याकडं ती कुणी फेकून देत नाही. लोहारा गावच्या गॅरेजवाल्याकडून लोक जुन्या तारा मागून आणतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, काहीतरी बांधाबांधीला लागत असतील. बांधाबांधीलाच लागतात, पण रानडुकराच्या. तारेच्या एका टोकाला कडी करायची, तिच्यातून दुसरं टोक ओवायचं, ते बांधावरच्या खुंटीला आवळायचं आणि तयार झालेला गोल डुकराच्या वाटेवर गवतात टांगून ठेवायचा. डुक्कर मान घालून पुढं जातं, तार आवळते. ते जोर करतं, तार आणखी आवळते. बाकीचं सांगत बसत नाही. ज्यांनी ते ओरडणं ऐकलंय त्यांना सांगायची गरज नाही आणि ज्यांनी ऐकलं नाही त्यांनी सुखानं जेवावं.

मी शेती करते. माकणीच्या धरणाचं पाणी मागं जिथवर पसरतं, त्याच्या कडेला आमची शेतं आहेत. नवरा उमरग्याला खताच्या दुकानात कामाला, आठवड्याला घरी येतो, म्हणजे रान माझ्याच अंगावर. माझ्या शेताला लागून धाकट्या दिराचं शेत. सासऱ्यांच्या माघारी वाटण्या झाल्या, मधे बांध पडला, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, पण दोन घरांत वाकडं कधी आलं नाही. याचं श्रेय मी कायम दिरालाच देत आले. मला पटकन राग येतो, त्याला पटकन हसू येतं, म्हणून आमचं भागून जायचं. मला शेतीतलं ओ की ठो कळत नव्हतं तेव्हा तिफणीमागं चालायला मला यानंच शिकवलं, आणि मी चुकले की हसायचाही हाच.

नावं कुणाचीच घालणार नाही. गावातल्यांना कळायचं ते कळेलच.

पाण्याच्या कडेनं वेड्या बाभळीचं रान माजलंय. डुकरं दिवसा तिथं लोळतात आणि रात्री आमच्याकडं जेवायला येतात. भुईमुगात एक कळप शिरला की सकाळी वावर नांगरल्यासारखं दिसतं. भरपाईचा अर्ज करा, पंचनाम्याची वाट बघा, तोवर डुकरं पुन्हा येऊन उरलंसुरलं खाऊन जातात. म्हणून लोक फास लावायचे. कायद्यानं गुन्हा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणाच्या बांधावर कुठं फास आहे हेही बहुतेकांना ठाऊक होतं. मी कधी लावला नाही. मोठेपणा म्हणून नव्हे. माझी कुत्री दिवसभर बांधानं हिंडायची, तिच्या काळजीपोटी.

मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात खुरपणीला आलेल्या एका बाईचा पाय फासात गेला. पाणी प्यायला विहिरीकडं निघाली आणि बांध ओलांडताना अडकली. घाबरून तिनं पाय ओढला. तार घोट्यात रुतली. लोहाऱ्याला नेऊन टाके घातले, पुढं बरेच दिवस तिला कामावर येता आलं नाही. त्यावरून गावात एवढी भांडणं पेटली की शेवटी ग्रामसभा बोलवावी लागली.

शाळेच्या पटांगणात सभा भरली. वन खात्याचा माणूसही आला होता. त्यानं कायदा सांगितला, लोकांनी ऐकून घेतला आणि मग खरी सभा सुरू झाली.

"डुकराला मारायचं न्हाय तर काय पाटावर बसवून जेवू घालायचं?" ऊसवाल्यांपैकी एकानं विचारलं. पटांगण हसलं.

ती खुरपणीवाली बाई पाय लांब करून पुढंच बसली होती. ती म्हणाली, "डुकराचं ऱ्हाऊ द्या. माझ्या पायाचं बोला."

मग हसू थांबलं. मशिदीशेजारी राहणारे एक चाचा, त्यांचं शेत आमच्या वरच्या अंगाला आहे, ते क्वचितच बोलतात. ते उठले. "मारायचंच आसंल तर जनावर एका घावात मारावं. दोन दोन दिवस तारंला लटकवून ठिवायचं, हे कुठल्या इमानात बसतं?"

तेव्हा कुणीतरी नटाची युक्ती काढली. तारेत एक लोखंडी नट ओवायचा आणि हव्या त्या जागी हातोड्यानं चेपून बसवायचा. फास त्या नटापर्यंतच आवळतो, पुढं नाही. जनावर अडकतं, पण मरत नाही. कुत्रं-बकरं सापडलं तर सोडून देता येतं. माणसाचा पाय कापत नाही. निम्म्या सभेला ते पटलंही. वन खात्याचा माणूस म्हणाला, नट असो नाहीतर नसो, फास लावणं हा गुन्हाच. पण त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

मी उठले आणि माझ्या स्वभावाप्रमाणं जरा जोरातच बोलले. नट बसवला की फास दयाळू होतो का, असं विचारलं. अडकलेलं डुक्कर जिवंत राहिलं तर त्याला सोडायला तुमच्यातला कोण जाणार, तेही विचारलं. माझ्यावर दोघं-तिघं एकदम ओरडले. तेव्हा माझा दीर उठला.

"वहिनी बोलल्या ते खरं हाय," तो म्हणाला. "नट-बिट काय न्हाय. फास म्हंजे फास. वहिनीची कुत्री दिसभर आमच्या बांधानं हिंडती. उद्या ती अडकली तर म्या त्यांना तोंड कसं दाखवू?"

तो बोलला की लोक ऐकतात. मी बोलले की लोकांना नवऱ्याची आठवण होते. त्याच्या त्या बोलण्यानं सभा फिरली. कुणीच फास लावायचा नाही, पाळीपाळीनं राखण करायची, फटाके वाजवायचे, डबे बडवायचे असं ठरलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं आपापल्या तारा आणून पारावर टाकल्या आणि आपल्या शेतातली मूठभर माती हातात धरून शब्द दिला. आमच्याकडं माती हातात घेऊन कुणी सहसा खोटं बोलत नाही. दिरानं तारांचं भेंडोळं आणून टाकलं तेव्हा मी तिथंच उभी होते. त्यानं माझ्याकडं बघून हात झटकले आणि हसला. मला त्याचा अभिमान वाटला, हे मी आज दात-ओठ खात लिहितेय.

राखण दसऱ्यापर्यंत टिकली. मग कुणाचं लग्नकार्य, कुणाचा ताप, कुणाचं दुखणं. माझा भुईमूग काढणीच्या तोंडावर गेला. एका रात्रीत निम्मं वावर उकरलं. सकाळी मी बांधावर बसून रडले आणि दीर शेजारी येऊन बसला. "शबुद म्हंजे शबुद, वहिनी," तो म्हणाला. "आपुन न्हाय मोडायचा." त्याची मकाही लोळवलेली होती. दोघांचं सारखंच नुकसान झालंय, या विचारानंच मला धीर आला होता.

दिवाळीत तो घरी आला तेव्हा कुत्री नेहमीप्रमाणं त्याच्या पायात घुटमळली. लहानपणी तिला भाकरी यानंच चारली होती, त्यामुळं माझ्याइतकीच ती त्याची होती. त्यानं खिशातून सुतळी काढली, तिच्या मानेभोवती धरली आणि जिथं जुळली तिथं गाठ मारली.

"काय चाललंय, भाऊजी?"

"माप घेतलं. उमरग्याहून पट्टा आणतो हिला, चांगला कातडी."

मला कौतुक वाटलं. मी त्याला आणखी दोन करंज्या वाढल्या. पट्टा काही आला नाही. मीही विचारलं नाही, कारण माणूस कामात विसरतो.

मग येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आली. आमच्या भागात अवसेच्या त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं, सगळे आपापल्या रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, घालायची, आत पाच पांडव म्हणून चुन्यानं रंगवलेले दगड मांडायचे, जेवायला मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि ज्वारीची आंबील. कुणीही कुणाच्या शेतात जाऊन जेवावं, त्याला आमंत्रण लागत नाही. आमच्या वाटण्या झाल्या तेव्हा सगळं वेगळं झालं, पण येळवसची कोप एकच राहिली, दोन्ही शेतांच्या मधल्या बांधाला लागून. ती वेगळी घालायचं कधी कुणाच्या मनातही आलं नाही.

पूजा झाली की आंबिलीचं मडकं घेऊन शेताला फेरी घालतात. लिंबाच्या डहाळीनं चारी बांधांवर आंबील शिंपडायची, कुठंही न तोडता, निघालो त्या जागी परत यायचं. फेरी दरवर्षी दीरच घालायचा, दोन्ही शेतांची मिळून. त्या वर्षीही तोच निघाला. आम्ही सगळे मागं. वरचा बांध झाला, उगवतीचा झाला आणि चिंचेपाशी येऊन तो वळला.

"खालच्या अंगाला न्हाय का जायाचं?" मी विचारलं.

"तिकडं चिखल हाय, वहिनी. इथनंच शिंपडलं म्हंजे पोचलं."

खालचा बांध म्हणजे बाभळीच्या रानाकडचा. तिथं चिखल असायचं कारण नव्हतं, पाणी त्या आठवड्यात मीच दिलं होतं आणि ते वरच्या ज्वारीला. शिवाय फेरी अर्धी तोडायची, ही कुठली पद्धत? नवरा म्हणाला, जाऊ दे, पोरं जेवायची खोळंबलीत. पण मला एकदा राग आला की मी कुणाचं ऐकत नाही. मी दिराच्या हातातलं मडकं घेतलं, डहाळी घेतली आणि चालू लागले. मागून त्यानं दोनदा हाक मारली. मला वाटलं, बाईमाणसानं फेरी घातल्याचं त्याला लागलं असेल. म्हणून मी आणखी जोरात चालले.

कुत्री माझ्या पुढं होती. मधला बांध खालच्या बांधाला मिळतो तिथल्या खिंडीत ती गवतात शिरली, एकदाच ओरडली आणि मग तिचा आवाज येईना. मी मडकं टाकून धावले. ती चारी पाय रोवून मागं ओढत होती. डोळे बाहेर आले होते आणि गळ्यातून घरघर येत होती. तार कातडीत रुतून रक्त आलं होतं. मी तार धरून ओढली, ती सैल होईना. दुसरं टोक कुठं बांधलंय ते गवतात, काट्यात हातानं चाचपत राहिले. बोटं फाटली, खुंटी सापडेना. मी काय ओरडत होते मला आठवत नाही.

दीर धावत आला. "वहिनी, ओढू नका. तार मागं ढकला." आणि तो माझ्याजवळ थांबलाच नाही. कुत्रीला ओलांडून, बांधावरून पलीकडं त्याच्या अंगाला गेला, बोरीच्या झुडपामागं वाकला आणि एका हिसक्यात खुंटी उपटली.

त्यानं ती शोधली नाही. मी जमीन चाचपून चाचपून हैराण झाले होते आणि हा डोळे मिटून घरातल्या फळीवरचा डबा काढावा तसा वाकला. तार सैल झाली, कुत्री माझ्या मांडीत पडली आणि मी वर बघितलं. तो माझ्याकडं बघत नव्हता.

"माती हातात घेतली होती ना तुम्ही, भाऊजी?"

"घेतली व्हती." खुंटी बाजूला टाकत म्हणाला, "सगळी मका गेली, वहिनी. मातीवर पोट भरत न्हाय."

मग तो खाली बसला आणि माझी समजूत काढावी तसा हळू आवाजात म्हणाला, "नट बसवलाय म्या. बघा की. जीव जाणार न्हवता तिचा. तिच्या मापानंच बसवलाय, तेवढी काळजी घेतली व्हती."

तेव्हा मला दिवाळीतली सुतळी आठवली.

एखाद्यानं डुकराला फास लावला आणि चुकून आपली कुत्री सापडली, तर माणूस भांडतो, चार दिवस बोलत नाही, मग विसरतो. पण हा चुकून नव्हताच. माझी कुत्री अडकणार हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून तर त्यानं माझ्या अंगणात बसून, माझ्या करंज्या खात, तिच्या गळ्याचं माप घेतलं. त्याला ती काळजी वाटत होती. आजही तसंच वाटतं. या गोष्टीचा मला जितका संताप येतो तितका मक्याच्या लोभाचा येत नाही.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं गाडी काढली, मी कुत्रीला मांडीवर घेऊन मागं बसले आणि लोहाऱ्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जखम शिवली. म्हणाले, फास पुढं आवळला नाही म्हणून वाचली. नवरा माझ्याकडं बघून म्हणाला, "बघ." मी म्हटलं, "काय बघू?"

घरी आल्यावर दीर दारात उभा होता. गावात बोलू नका म्हणाला. त्याच्याच बोलण्यावरून सभा फिरली होती, आता लोक त्याच्याच तोंडावर थुंकतील. सगळे फास काढून टाकतो म्हणाला. नवराही म्हणाला, घरातलं घरात ठेव. मी शब्द दिला. मी दिलेला शब्द पाळते. ही माझी खोड दोघांनाही चांगली ठाऊक होती.

उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी, पुन्हा सभा बसली. राखण मोडल्यानं लोक चिडलेले होते आणि या खेपेला वन खात्याला कुणी बोलावलं नव्हतं. नटाचा फास तरी लावू द्या, असा विषय निघाला. ती खुरपणीवाली बाई या वेळी मागं, माझ्याजवळ बसली होती. चाचा नको म्हणाले. आणखी दोघं-चौघं नको म्हणाले. मग दीर उठला. मला वाटलं, तो निदान आज तरी गप्प राहील, नाहीतर जुनंच बोलेल. माझी तेवढीच अपेक्षा होती.

"म्या बी पयलं विरोधातच व्हतो," तो म्हणाला. "पर डोळ्यांनी बघितलं ते सांगतो. आमच्या बांधावर कुणीतरी नटाचा फास लावला व्हता. येळवसच्या दिशी वहिनीची कुत्री सापडली त्यात. साधा फास आसता तर जाग्यावर ग्येली आसती. नट व्हता म्हणून वाचली. इचारा वहिनींना."

कुणीतरी. मी त्याच्याकडं बघत राहिले. त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, उलट एक आर्जव होतं, घरच्या माणसाला मदत मागावी तसं. मी माझ्या तोंडाला कुलूप लावून किल्ली त्याच्या हातात दिली होती, आणि तो त्या कुलपावर उभा राहून भाषण करत होता.

सगळ्यांनी माना वळवल्या. "व्हय का, अक्का? वाचली न्हवं कुत्री?" सरपंचांनी विचारलं.

नवऱ्यानं माझ्या मनगटावर हात ठेवला. नाही म्हणावं तर खोटं ठरलं असतं. "जित्ती हाय," मी म्हणाले, आणि पुढचं बोलायला तोंड उघडलं, कारण आता मला शब्दाचीही पर्वा राहिली नव्हती. तेवढ्यात तो हसला आणि त्यानं हाक मारली, "यू, यू, यू."

कुत्री माझ्यामागं सावलीत निजली होती. कुठंही गेले तरी मागं येते ती. हाकेसरशी उठली, अंग झाडलं आणि लोकांच्या मधून वाट काढत, शेपूट हलवत थेट त्याच्याकडं गेली. गळ्याभोवती जिथं तार रुतली होती तिथं केस परत आलेच नाहीत, ती पांढरी रेघ सगळ्या पटांगणाला दिसली. त्यानं तिला थोपटलं. तिनं त्याचा हात चाटला.

"बघा, कशी खडखडीत हाय," तो म्हणाला, आणि सगळे हसले. मी उघडलेलं तोंड तसंच मिटलं. त्या हसण्यावर मी काय बोलणार होते? जिला फास बसला तीच हात चाटत होती. हात वर झाले, पुष्कळ झाले. खुरपणीवाल्या बाईनं वर केला नाही. "मला न्हाय कुणी इचारलं, अक्का," एवढंच ती म्हणाली आणि पाय सावकाश खाली टेकवत उठली.

सभेतून घरी येताना कुत्री माझ्या मागं होती. मी तिला एक दगड मारला. लागला नाही. ती थांबली, जरा वेळ बघत राहिली आणि पुन्हा मागं यायला लागली.

आता बांधाबांधावर नटाचे फास आहेत, आणि कायद्यानं गुन्हा आहे हे अजूनही सगळ्यांना ठाऊक आहे. अडकलेलं डुक्कर मरत नाही, रात्रभर ओरडतं आणि सकाळी कुणीतरी काठ्या घेऊन जातं. एकालाही कुणी सोडून दिल्याचं मी ऐकलेलं नाही. कुत्रीला मी आता दिवसा साखळीनं बांधते. साखळीला पट्टा लागतो, म्हणून मीच तिला उमरग्याहून आणला.

यंदाची येळवस आली आहे. काल दीर सांगून गेला, "वहिनी, कोपीला कडबा माझा. तुमी आंबिलीचं तेवढं बघा." मी म्हटलं, या वर्षी माझी कोप वेगळी. तो हसला. त्याला वाटतं, राग आहे, उतरेल. नवऱ्यालाही तसंच वाटतं.

कोप मी माझ्या विहिरीजवळ घालणार आहे. त्या दिवशी तेवढी कुत्री सोडेन. ती इथं जेवेल, मग बांध ओलांडून तिकडं जाईल आणि तिकडंही जेवेल. तिला ते जमतं.